दारं कोण धरतंय?

बेलवाडी मागं पडली आणि स्कूटरचं मागचं चाक एकाएकी धरलं. ब्रेकवर पाय नव्हता. इंजिनातून चिरकल्यासारखा एक आवाज आला, टायर डांबरावर घासत गेला, आणि क्लच दाबून गाडी कशीबशी उसाच्या कडेला नेईपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं. किक मारायला गेलो तर किक दगडासारखी. पाय ठेवला तिथंच राहिला. साल १९९१, एप्रिल महिना. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा भौतिकशास्त्राचा पेपर तासाभरापूर्वी संपला होता. त्यात ऑटो इंजिनाच्या चक्रावर आठ गुणांचा प्रश्न होता आणि तो मी आकृतीसकट, बाणांसकट सोडवून आलो होतो.

बारामती ते इंदापूर रस्ता पन्नासेक किलोमीटरचा. भवानीनगरचा साखर कारखाना, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावं ओळीनं लागतात. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेनं जाते आणि बेलवाडीला गोल रिंगण होतं. ज्या माळावर घोडा धावतो त्याच्या जवळच आमचं इंजिन बसलं. लासुर्ण्यापर्यंत मी ते ढकलत नेलं. वर ऊन, खाली वितळलेलं डांबर, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण न चुकता विचारायचा, ‘काय, पेट्रोल संपलं का?’

पत्र्याच्या शेडात मिस्त्री पोतं अंथरून बसले होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, किक हातानं दाबून बघितली आणि एकच शब्द विचारला.

‘ऑईल?’

हल्लीच्या पोरांना हा प्रश्न कळायचा नाही. तेव्हा पंपावर दोन गोष्टी मागाव्या लागत, पेट्रोल आणि ऑईल. टू-टीचं ऑईल मापानं मोजून टाकीत ओतलं जायचं. लिटरला वीस मिली, म्हणजे पन्नासाला एक. सकाळी बारामतीत पोचल्यावर मी तीन लिटर पेट्रोल घेतलं होतं आणि ऑईल सांगायचं राहिलं होतं. डोक्यात ऑटो होता.

‘पेपर होता,’ मी म्हणालो.

‘कशाचा?’

‘इंजिनाचा.’

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी पोराला दोन चहा आणायला पिटाळलं आणि प्लगपाना शोधायला लागले.

प्लग काढून त्यांनी भोकातून थोडं ऑईल सोडलं आणि चहा होईपर्यंत गाडीला हात लावला नाही. इंजिन धरलं की घाई करणारा मिस्त्री कच्चा, हे मला पुढं कळलं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो ज्या नळकांड्यात वर-खाली होतो तो बोअर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं. मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असला तर निभावतं. तो नसला की घासतं, घासून आणखी तापतं, तापून आणखी फुगतं, आणि शेवटी पिस्टनचा धातू बोअरच्या अंगाला पुसला जाऊन दोन्ही एकमेकांना चिकटतात. निवलं की पिस्टन आकसतो. चहाचा शेवटचा घोट घेऊन मिस्त्रींनी किक हलकेच दाबली आणि ती कुरकुरत खाली गेली.

‘सुटलं,’ ते म्हणाले. ‘पर आत काय झालंय ते बगाय पायजे.’

चार नट काढले आणि हेड बाजूला झालं. मग बोअरही उचलून हातात आला. एवढ्यात इंजिन उघडतं यावर माझा विश्वास बसेना. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते, पण रिंगा शाबूत होत्या. मी मात्र दुसरंच काही शोधत होतो. पुस्तकातल्या आकृतीत सिलिंडरच्या डोक्यावर दोन झडपा होत्या, एक आत घेणारी, एक बाहेर सोडणारी. इथं डोक्यावर प्लगचं एक भोक सोडलं तर काहीच नव्हतं.

‘झडपा कुठायत?’

‘हिला झडपाच नसत्यात,’ मिस्त्री म्हणाले. त्यांनी बोअर उन्हाकडे धरला. आतल्या भिंतीत खिडक्या कोरलेल्या होत्या. ‘ह्या खिडकीतनं माल येतो, ह्या खिडकीतनं धूर जातो. दारं धरलीत का कधी?’

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या पोराला हा प्रश्न विचारायची गरज नसते. १८८५ सालापासून हा कालवा पुरंदरातून बारामतीत आणि बारामतीतून इंदापुरात पाणी आणतो, आणि तेव्हापासून इथली माणसं दारं धरतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाळीचं पाणी पाटानं शेतात येतं. पाटातून ते एकेका सरीत सोडायचं. फावड्यानं मातीची पाळ फोडली की दार उघडतं. सरी भरली की तीच माती ओढून ते बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. पाळी बहुतेक वेळा रात्रीची येते. दारं धरणाऱ्याला डुलकी लागली तर भरल्या सरीत पाणी येतच राहतं, शेवटाकडून फुटतं आणि ओढ्याला लागतं. सकाळी भाऊबंद विचारतात, ‘रात्री ओढ्याला भिजवलं का?’

मिस्त्रींचं म्हणणं असं होतं की फोर स्ट्रोक इंजिनात दारं धरणारा गडी असतो आणि टू स्ट्रोकमध्ये नसतो. ‘त्येला क्यामशाफ्ट म्हणत्यात. त्येचं काम येवढंच, येळेवर दार उघडायचं, येळेवर बुजवायचं. हितं गडी न्हाई. हितं पिस्टनच पानी, पिस्टनच दार.’

माझा आठ गुणांचा प्रश्न मला त्या शेडात समजला.

फोर स्ट्रोक आधी घेऊ, कारण पुस्तकं त्यापासून सुरुवात करतात. फ्रान्सच्या बो द रोशा यांनी १८६२ साली या चक्राची कल्पना कागदावर मांडली आणि जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली तसं इंजिन चालवून दाखवलं. पिस्टन खाली येतो, आत घेणारं दार उघडं असतं, पेट्रोल आणि हवा आत येते. पिस्टन वर जातो, दोन्ही दारं बंद, आतला माल दाबला जातो. ठिणगी पडते, भडका उडतो, पिस्टन जोरानं खाली ढकलला जातो. मग तो पुन्हा वर येतो, धुराचं दार उघडतं आणि जळून गेलेलं सगळं बाहेर जातं. चार धावा, मुख्य दांड्याच्या दोन फेऱ्या, आणि भडका एकच. म्हणूनच दारं धरणारा कॅमशाफ्ट मुख्य दांड्याच्या निम्म्या गतीनं फिरवावा लागतो. दोन फेऱ्यांत प्रत्येक दार त्याला एकदाच उघडायचं असतं.

टू स्ट्रोक हेच सगळं एका फेरीत उरकतं. कसं, तर पिस्टनची खालची बाजूही कामाला लावून. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या डोक्यावर माल दाबला जातो आणि त्याच वेळी पोटाखालच्या बंद खोलीत पोकळी होऊन नवा माल ओढला जातो. भडका उडून तो खाली येतो तेव्हा वर शक्ती मिळते आणि खालच्या खोलीतला नवा माल दाबला जातो. खाली येता येता पिस्टन आधी धुराच्या खिडकीवरून सरकतो, मग लगेच मालाच्या खिडकीवरून. दाबलेला नवा माल वर उसळतो आणि उरलेल्या धुराला ढकलत बाहेर काढतो. खालच्या खोलीतून माल आत घ्यायची ही युक्ती इंग्लंडमधल्या जोसेफ डे यांनी १८९१च्या सुमारास काढली. ना झडपा, ना कॅमशाफ्ट, ना साखळी. तीनच हलते भाग: पिस्टन, त्याचा दांडा आणि फिरणारा मुख्य दांडा.

आणि ऑईलचं कोडंही इथंच सुटतं. फोर स्ट्रोकच्या पोटात ऑईल भरून ठेवता येतं, कारण तिथून माल जात नाही. टू स्ट्रोकचं पोट हीच मालाची वाट. तिथं ऑईल साठवायला जागा कुठली? मग ते पेट्रोलमध्येच कालवून पाठवायचं. जाता जाता बेअरिंगला लागतं, बोअरला लागतं आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळून सायलेन्सरमधून निळा धूर होऊन निघून जातं. मी ते कालवायलाच विसरलो होतो. सकाळी घेतलेलं पेट्रोल माझ्या इंजिनाच्या पोटातून कोरडंच जात होतं.

घरी आबांना, म्हणजे आजोबांना, हे सांगायला गेलो आणि नवाच घोटाळा झाला. मराठी पुस्तकांत स्ट्रोकला ‘धाव’ म्हणतात. आबांना धाव माहीत होती. आयुष्याची पहिली तीसएक वर्षं ते तिच्यावरूनच चालले होते. विहिरीच्या काठापासून उतरत जाणारी जी वाट मोटेचे बैल तुडवतात तिचं नाव धाव. बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्टीलाही धाव म्हणतात, पण ती वेगळी. मोटेच्या धावेवरून बैल खाली उतरू लागले की नाडा ताणतो, चाक करकरतं, भरलेली मोट वर येते आणि सोंडेतून थारोळ्यात पाणी पडतं. मोटकरी नाड्यावर बसलेला. मग बैल मागं सरत सरत धाव चढतात आणि मोट पुन्हा विहिरीत उतरते. एक उतरती धाव, एक चढती. दोन धावांत एक मोट पाणी.

‘म्हंजी तुजी गाडी मोटंवानीच हाय की,’ आबा म्हणाले. मला आनंद झाला. मग मी उत्साहानं त्यांना फोर स्ट्रोक सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘चार धावा, आन् पानी येकदाच?’

‘एकदाच.’

‘मग बाकीच्या तीन धावंला बैल खातो काय?’

इंजिनाबद्दलचा इतका नेमका प्रश्न मला कुठल्याही परीक्षेत आला नाही. उत्तर आमच्याच शेतात, नीरेच्या काठावर, दगडी चौथऱ्याला बोल्ट मारून बसवलेलं होतं.

आप्पांचं, म्हणजे चुलत्यांचं, डिझेल इंजिन. आपल्या भागात ‘इंजिन’ म्हटलं की रेल्वेचं किंवा मोटारीचं डोळ्यांपुढं येत नाही. पाणी उपसणारं येतं. सातारा रोडच्या कूपर कारखान्यानं १९३०च्या दशकातच डिझेल इंजिन बनवलं. १९४६ साली किर्लोस्करांनी पुण्यात ऑईल इंजिनांची कंपनी काढली आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत नद्या-विहिरींचे काठ या इंजिनांनी भरून गेले. विजेचे खांब आले नव्हते तिथं मोटेची जागा त्यांनी घेतली. आमच्या मोटेचं चाक गोठ्याच्या आढ्याला गेलं ते याच इंजिनापायी.

आप्पांचं इंजिन जुन्या संथ वाणाचं, एका सिलिंडरचं. बाजूला हातभर व्यासाचं बिडाचं जड चाक. इंजिनाचा मोठा वजनदार भाग तोच. चालू करायची रीत अशी: आधी हेडवरची खटकी उचलून ठेवायची, म्हणजे झडप उघडी राहते आणि आतली हवा दाबली जात नाही. मग हँडल लावून चाक फिरवायला लागायचं. पहिल्या दोन फेऱ्यांत जीव जातो. नंतर चाकच हाताला ओढायला लागतं. ते पुरेसं पळालं की खटकी पाडायची आणि हँडल सोडायचं. इंजिन एकदा गुरगुरतं, काळा गोळा सोडतं आणि सुरू होतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीसारखा पलीकडून आवळायचा नाही. इंजिनानं उलटा हिसका दिला तर हँडल हातातून सुटून जावं, अंगठा घेऊन जाऊ नये. हे आप्पांनी मला नऊ वर्षांचा असताना, हँडलला हात लावू देण्याआधी सांगितलं होतं.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर ते चाक. भडक्याच्या एका धावेत जी ताकद मिळते तिच्यातला हिस्सा चाक स्वतःच्या पळण्यात साठवून ठेवतं आणि उरलेल्या तीन धावा त्यावर पार पाडतं. धूर ढकलणं, हवा घेणं, हवा दाबणं, सगळं चाकाच्या उधारीवर. असं इंजिन मिनिटाला साडेसहाशे फेऱ्या घेतं. म्हणजे भडके सव्वातीनशे, सेकंदाला पाचाच्या थोडे वर. रात्री माळवदावर झोपलं की नदीकडून तो आवाज यायचा, टुक टुक टुक टुक, आणि दोन टुकांमधली मोकळी जागा कानाला स्पष्ट लागायची. चाक नसतं तर त्या पहिल्याच मोकळ्या जागेत इंजिन थांबलं असतं.

मी हे आबांना समजावलं. त्यांना पटलं, पण ‘रिकाम्या धावा’ हा माझा शब्द पटला नाही. ‘बैल मागं सरतो तवा तुला रिकामा दिसतो,’ ते म्हणाले. ‘मोट तवाच भरती.’ मला तेव्हा आकृती जिंकायची होती, म्हणून मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. आता वाटतं, टू स्ट्रोकचं नेमकं दुखणं तिथंच आहे. धूर काढायला आणि नवा माल घ्यायला फोर स्ट्रोक दोन पुऱ्या धावा देतं. टू स्ट्रोक तेवढंच काम धावेच्या टोकाशी, वळता वळता आटोपतं. दोन्ही खिडक्या एकदम उघड्या, गडी नाही, नवा माल जुन्या धुराच्या मागं लागलेला. धुराबरोबर न जळलेलं पेट्रोलही सटकणारच. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनांत हे सांडणं कधी कधी पावपटीच्याही वर जायचं. शेवटच्या सरीतून ओढ्याला.

माझ्या कॉलेजच्या दिवसांत हा हिशेब रस्त्यावर रोज दिसायचा. १९८५ या एकाच वर्षी दोन मोटारसायकली बाजारात आल्या, दोन्ही जवळपास शंभर सीसीच्या. यामाहाची आरएक्स १०० टू स्ट्रोक, हिरो होंडाची सीडी १०० फोर स्ट्रोक. पहिलीची ताकद अकरा अश्वशक्ती, दुसरीची साडेसातच्या आत. दर फेरीला भडका म्हणजे दुप्पट ताकद हवी होती, मिळाली दीडपट. मधली कुठं गेली ते मिस्त्रींच्या खिडकीला विचारा. तरी आरएक्सचा आवाज ऐकून होस्टेलची पोरं खिडकीत यायची, आणि सीडी १०० घ्यायची ती दुधाचे हिशेब करणारी माणसं. घरात कुठली गाडी उभी आहे यावरून त्या घराचा कर्ता बाप आहे की लेक, हे बाहेरूनच कळायचं. मी स्वतः आरएक्सवाल्यांच्या बाजूचा होतो, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे.

कारण टू स्ट्रोकनं या भागाला जे दिलं ते एव्हरेजच्या आकड्यात मावत नाही. तिचं वजन कमी, किंमत कमी, भाग कमी. लासुर्ण्याच्या पत्र्याच्या शेडात चार नट काढून ती उघडते. माझे वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनी त्याच स्कूटरवर बदलीची पाच गावं केली, मागं आई, पुढं उभा मी, पायाशी धान्याचं पोतं. दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा. सायलेन्सर कार्बननं चोंदला की काढून जाळात टाकायचा आणि निवल्यावर आपटायचा. आतून काळे पापुद्रे पडायचे. हे सगळं करायला ते कधी कुणाकडे गेले नाहीत. लासुर्ण्याच्या प्रसंगानंतर ते मला रागावलेही नाहीत. ऑईल पेंट आणला आणि सीट उचलली की टाकीच्या झाकणाशेजारी दिसेल असं, शाळेच्या फळ्यावर लिहितात तशा वळणदार अक्षरात लिहून ठेवलं: ऑईल.

त्या स्कूटरचा बांधा मूळचा इटलीचा. दुसऱ्या महायुद्धात पियाजोचा विमानांचा कारखाना उद्ध्वस्त झाला आणि कोराडिनो दास्कानिओ या विमानं-हेलिकॉप्टरं बनवणाऱ्या अभियंत्यानं १९४६ साली ९८ सीसीची एक टू स्ट्रोक गाडी काढली. त्यांना मोटारसायकली आवडत नसत. कपडे घाण होतात आणि टायर बदलायला त्रास, असं त्यांचं म्हणणं. म्हणून इंजिन झाकलेलं आणि चाक विमानासारखं एका बाजूनं धरलेलं. नाव ठेवलं वेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. १९६०च्या दशकात बजाजनं परवान्यावर ती पुण्यात बनवली. १९७१ साली करार संपला आणि पुढच्याच वर्षी त्याच बांध्याची चेतक आली, टू स्ट्रोकच. ती मिळायला माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसायची.

पियाजो मग बारामतीला आली, पण गांधीलमाशी घेऊन नाही. १९९९ साली ग्रीव्ह्‌जच्या सोबतीनं इथल्या एमआयडीसीत तीनचाकी बनू लागली. तिचं नाव आपे, इटालियन भाषेत मधमाशी. आपण तिला ‘ॲपे’ केलं, आणि वडापवाल्यांनी तिच्यात माणसं भरून कंपनीला सुचलं नसेल इतकी तिची कुवत वाढवली. तिचं इंजिन एका सिलिंडरचं, डिझेलचं, फोर स्ट्रोक. भिगवण चौकात ॲपे उभी असली आणि डोळे मिटले की मला अजून नदीकाठचं इंजिन ऐकू येतं. तेच टुक टुक, फक्त घाईचं.

आणि २०१२ साली गांधीलमाशीही आली. वेस्पा बारामतीतच बनू लागली, १२५ सीसीची. बाहेरून तोच गोल बांधा, आत फोर स्ट्रोक. तीन झडपा, वर कॅमशाफ्ट. तोवर टू स्ट्रोक स्कूटर बनवणं परवडेनासं झालं होतं. २०००, २००५, २०१० असे धुराचे नियम आवळत गेले आणि सांडणारं पेट्रोल त्यांत बसेना. शोरूममध्ये ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी सवयीनं सीट उचलली आणि विक्रेत्या मुलाला विचारलं, ‘ऑईल?’ तो म्हणाला, ‘सर्व्हिसिंगला आम्हीच बदलून देतो, काका.’ मी तरी काय समजावणार होतो त्याला?

मात्र टू स्ट्रोक हरली असं कुणी म्हणालं तर मी भांडायला उठतो. इंदापूरचं डाळिंब किंवा बारामतीची द्राक्षं जहाजानं परदेशी जातात, तर त्या मोठ्या मालवाहू जहाजांची मुख्य इंजिनं टू स्ट्रोक असतात. जगातल्या सर्वांत मोठ्या इंजिनांत एकेका पिस्टनचा व्यास ९६० मिलिमीटर आहे, आडाच्या तोंडाएवढा. मिनिटाला शंभरएक फेऱ्या, दर फेरीला भडका, आणि इंधनातली जवळजवळ निम्मी ताकद कामाला. मग ओढ्याला जाणाऱ्या पेट्रोलचं काय? तिथं माल नसतोच. आत ढकलली जाते ती नुसती हवा. इंधन नंतर, दारं बंद झाल्यावर फवारलं जातं. आणि धुराच्या वाटेवर झडप आहे, म्हणजे दारं धरायला गडी ठेवलेला आहे. सांडली तर हवा सांडते. दोष दोन धावांचा नव्हता, पाण्याबरोबर खत सोडून दारं वाऱ्यावर टाकण्याचा होता.

जंक्शनवरून आत वळलं की वालचंदनगर लागतं. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या तिथल्या कारखान्यानं इस्रोच्या रॉकेटांसाठी मोटारींची कवचं बनवली. त्यांत पिस्टनही नाही, धावही नाही, एकदा पेटलं की दार उघडंच. मिस्त्रींना एकदा मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘त्येला किक न्हाई, मग आपल्या काय कामाचं?’

मिस्त्री आता नाहीत. शेडाच्या जागी टायरचं दुकान आहे. वडिलांची स्कूटर २००६ साली मोडीत गेली. सीटखालचं अक्षर तोवर पुसट झालं होतं, पण वाचता येत होतं. आप्पांचं इंजिन विजेची मोटार आल्यावर काही वर्षं भारनियमनाच्या रात्री चाललं, मग बंद पडलं. चौथरा अजून आहे, त्यावर चुलतभाऊ कपडे वाळत घालतो.

त्याच चुलतभावाकडे पाठीवरचा फवारणीचा पंप आहे. पेट्रोलवर चालतो, इंजिन मुठीएवढं, टू स्ट्रोक. मागच्या डाळिंबाच्या बहारात तो सुरू होईना म्हणून त्यानं मला बोलावलं. मी प्लग काढला, पुसला, ठिणगी पाहिली, ठिणगी होती. दोष कार्ब्युरेटरचा होता. तुमच्याकडे असा पंप किंवा गवत कापायचं यंत्र असेल, तर ऑईल आणि पेट्रोल वेगळ्या डब्यात कालवून, हलवून मगच टाकीत ओता. प्रमाण यंत्रावर लिहिलेलं असतं, अंदाजानं टाकू नका. आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करा, मग आपोआप बंद पडेपर्यंत इंजिन चालू ठेवा. तसंच ठेवलं तर पेट्रोल उडून जातं, ऑईल मागं राहतं आणि कार्ब्युरेटरचं बारीक भोक बुजतं.